बस्त्याचं कुंकू

दुकानात कुणी काही उचलताना दिसलं तर आपण मध्ये पडावं का, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नवरा 'आपल्याला काय करायचंय' या पक्षाचा आणि मी बोंब मारणाऱ्या पक्षाची. नगरला एका मोठ्या दुकानात एका चांगल्या खात्यापित्या गृहस्थाने बदामाचं पाकीट लेंग्याच्या खिशात सारलेलं मी पाहिलं आणि तिथल्या तिथे मोठ्याने विचारलं, "अहो, ते बिलात धरलंत का?" गृहस्थ लाल झाला आणि माझा नवरा त्याहून लाल झाला. मला त्याचं आजही काही वाटत नाही. बदाम खाणाऱ्याने बदामाचे पैसे द्यावेत. नवरा मात्र घरी येईपर्यंत गप्प होता आणि जिना चढताना म्हणाला, "तू अगदी आत्यावर गेली आहेस." हे त्याने कौतुकाने म्हटलेलं नव्हतं.

आत्यावर जाणं इतकं सोपं नाही, हे मला पुढे पाथर्डीच्या एका कापडदुकानात कळलं. दुकानाचं, आमच्या गावाचं, कुणाचंच नाव मी इथे लिहिणार नाही. तेवढं पथ्य मला पाळलंच पाहिजे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. मला आणि माझ्या भावाला तिनेच वाढवलं, आणि पुढे भावाच्या मुलीलाही जन्मापासून तिनेच न्हाऊमाखू घातलं. लष्कराच्या भाकरी भाजण्यात तिचा हात कुणी धरला नसता. एसटीत कंडक्टरने कुणा म्हातारीला स्टॉपच्या पुढे उतरवलं तर भांडण म्हातारीचं राहायचं नाही, आत्याचं व्हायचं. कुणाच्या सुनेने किती भाकरी खाल्ल्या, कुणी विहिरीवरची मोटर कितीदा चालू ठेवली, सगळं तिला माहीत असायचं आणि ते ती त्या त्या माणसाच्या तोंडावर बोलायची. एका शब्दाला दहा शब्द द्यायची. गावात भलेभले तिला बघून रस्ता बदलायचे.

भांडली नाही ती फक्त एका बाबतीत. कुठे हळदकुंकवाचं ताट निघालं की ती उठायची. कुणी काही म्हणायच्या आत, कुणाची नजर वळायच्या आत ती उठून भिंतीकडे जाऊन बसायची. मला याचा भयंकर संताप यायचा. मी म्हणायचे, "अगं, सगळ्या जगाशी भांडतेस, मग इथे का नाही?" ती म्हणायची, "राहू दे गं. शुभकार्यात दुसऱ्याच्या मनाला घोर कशाला?" एवढ्यावर तो विषय संपायचा.

भाचीचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला आम्ही पाथर्डीला गेलो. उन्हाळा होता. ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडे परतली होती, लग्नसराई तोंडावर आली होती, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बस्ता म्हणजे आमच्याकडे लग्नाआधीचं लग्नच. दोन्हीकडची माणसं एका दुकानात पांढऱ्या गादीवर दिवसभर बसतात, नवरीच्या शालूपासून मामाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं काढतात, रुसतात, चहा पितात, आणि शेवटी त्या साऱ्या कापडाच्या ढिगाला पाच सवाष्णींनी हळदकुंकू वाहिलं की मग गाठोडं बांधायचं. नवरीचा शालू त्या ढिगावर सगळ्यात वर ठेवतात. आमच्या मुलीने जांभळा शालू पसंत केला होता. तो खांद्यावर टाकून ती आरशासमोर इतका वेळ उभी राहिली की आत्या म्हणाली, "आगं, आरशाला घाम फुटंल."

त्या दुकानात शेठच्या गल्ल्याशेजारी एक खांब होता आणि त्यावर दोन बायकांचे फोटो चिकटवलेले होते. कॅमेऱ्यातून काढून मोठे केलेले, पुसट, पण ओळखू येतील असे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'चोर ओळखा.' माझ्या वहिनीने एका फोटोकडे बोट दाखवून हळूच सांगितलं की ही अमक्या गावची सून. हाच फोटो मोबाईलवरून सगळ्या तालुक्यात फिरला. सासरच्यांनी तिला माहेरी नेऊन सोडलं, माहेरचेही ठेवून घेईनात, आणि आता ती कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. "एका साडीपायी," वहिनी म्हणाली. मी म्हणाले, मग चोरावी कशाला. मी तेव्हा असंच बोलायचे, अजूनही बहुतेक वेळा असंच बोलते.

दुपार कलली तेव्हा बस्ता पुरा झाला. विहीणबाईंनी पिशवीतून करंडा काढला, ताटात ठेवला, आणि बायका ढिगाभोवती सरकल्या. आत्या उठली. माझं टाळकं सरकलं आणि तिच्याबरोबर मीही जाऊन भिंतीला टेकून बसले. पाचवी म्हणून मला बोलवत होते, पण मी पाय दुखतात म्हणाले.

आमच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर, एक अनोळखी बाई बसली होती. तिशीची असेल. एकटीच होती. कपाळावर ठसठशीत टिकली, गळ्यात पोत, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या कुठल्याशा गिऱ्हाइकासाठी काढलेल्या साड्या तिच्यासमोर पसरल्या होत्या. तिने त्यातली एक हिरवी साडी बघता बघता गुडघ्याखाली ओढली. मग पाठमोरी झाल्यासारखं करून ती पदराआड कमरेला खोचली. पोट किंचित पुढे आलं, एवढंच.

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, 'अहो शेठ' हे शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात आत्याने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आवाज घशातच राहिला.

"गप बस," ती ओठ न हलवता म्हणाली.

म्हणजे तिनेही पाहिलं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बोंब हिला स्वतःलाच मारायची आहे. इतकी चालून आलेली संधी ती मला थोडीच देणार?

पण ती त्या बाईकडे बघत होती आणि मग खांबावरच्या फोटोंकडे बघत होती. बाई उठायच्या बेतात होती, तेवढ्यात साड्या घडी करणारा गडी ओरडला, "शेठ, ती हिरवी दिसंना. आत्ताच तर हितं हुती."

शेठने मान वर केली. "दार ओढून घे," तो शांतपणे म्हणाला. "कुणी बाहेर जायचं न्हाई. मी कॅमेरा बघतो." त्याने चष्मा लावला आणि टीव्हीकडे खुर्ची वळवली.

ती बाई होती तशी बसून राहिली. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मघापर्यंत मला तिचा राग आला होता, आता माझीही नजर खांबाकडे गेली. आणखी थोड्या वेळाने तिसरा फोटो त्या खांबावर लागणार होता, आणि मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात होते.

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमी उठते तशीच. बायकांच्या मधून वाट काढत ती ताटापाशी गेली, करंड्यात बोट बुडवलं आणि नवरीच्या जांभळ्या शालूला कुंकू लावलं.

इतक्या बायका असलेलं दुकान इतकं शांत होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. विहीणबाईंच्या हातातला नारळ तसाच राहिला. वहिनीने तोंडाला पदर लावला. शेठसुद्धा टीव्ही सोडून वळला. दुकानातला एकूण एक डोळा आत्याच्या कोऱ्या कपाळावर आणि तिच्या लाल बोटावर होता.

"अहो, हे काय केलंत तुमी?" विहीणबाई म्हणाल्या.

"लावलं," आत्या म्हणाली. "चारच सवाशिनी हायेत तुमच्या. पाचवी कुठंय? ए बाई, तू ये हिकडं. व्हय, तूच. ये, वाक, बस्त्याला कुंकू वाह."

ती बाई कशी उठली आणि कशी आली, तिचं तिलाच माहीत. आत्याने तिला दंडाला धरून ढिगापाशी बसवलं आणि स्वतः शेठच्या बाजूने तिला आड करून उभी राहिली. आत्याचं शरीर ऐसपैस होतं. आणि मग तिने विहीणबाईंशी भांडण काढलं. काय ते भांडण. "लागलं तर लागलं. कुंकवाला काय कळतंय कुनाचं बोट हाय ते? ह्या पोरीला मी न्हाऊ घातलं तवा न्हाई कुनी माझं कपाळ बघितलं." विहीणबाई बोलल्या, त्यांची जाऊ बोलली, माझा भाऊ गर्दीतून धावत आला. सगळे आत्याकडे बघत होते. मी एकटीच त्या वाकलेल्या बाईच्या हातांकडे बघत होते. एका हाताने ती कुंकू वाहत होती आणि दुसऱ्या हाताने पदराखालून हिरवी साडी ढिगाच्या कडेला सरकवत होती.

तेव्हा मला कळलं की आत्या काय करते आहे, आणि माझ्या अंगावर काटा आला. आजही हे लिहिताना येतो. स्वतःसाठी तिने ते कुंकू आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. जिच्याशी तिचं नातं नाही, ओळख नाही, तिच्यासाठी तिने ते भरदुकानात हिसकावून घेतलं. चोरीवरची नजर उठवायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने स्वतःलाच पुढे केलं.

भांडता भांडता तिने खाली पाहिलं आणि त्या गड्याला म्हणाली, "आरं, हीच का तुजी हिरवी? आमच्या ढिगात टाकून शेठला कॅमेरा बघाय लावतो व्हय?"

गड्याने साडी उचलली. शेठला आता त्या साडीचं काही पडलेलं नव्हतं. हाताशी आलेला अख्खा बस्ता मोडतो की काय, याची त्याला धास्ती पडली होती. तो चष्मा काढून विहीणबाईंची समजूत घालायला आला. दार पुन्हा उघडलं.

ती बाई उंबऱ्याशी चपला शोधत होती. डाव्या पायात उजवी घालून निघाली, तशी आत्या मागून म्हणाली, "चपला नीट घाल." एवढे तीनच शब्द, आणि तेही दरडावून. बाईने चपला बदलल्या. वर बघितलं नाही. तिला ती साडी कशासाठी हवी होती, ते आम्हाला कधी कळलं नाही.

पुढचं सारं आत्याच्या वाट्याला आलं. विहीणबाई अडून बसल्या, जांभळा शालू परत गेला. आमची मुलगी रडली आणि तिच्यासाठी दुसरा, मोरपंखी घेतला. परतताना जीपमध्ये भाऊ आत्याला नको नको ते बोलला. हाच भाऊ, ज्याला तिने कडेवर वाढवलं. "तुला अक्कल हाय का? पोरीच्या लग्नात अपशकून करायचा हुता का तुला?" एका शब्दाला दहा देणारी आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. गाव आलं तरी ती बोलली नाही.

हळदीला तिने बसावं की नाही अशी घरात कुजबुज सुरू झाली, तेव्हा नेहमीप्रमाणे कुणी म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मी घर राखते." हळदीलाही ती आली नाही आणि लग्नालाही येणार नव्हती.

लग्नाच्या सकाळी गाड्या निघाल्या, तशी मी परत घरात आले. ती परसात शेळ्यांना पाला टाकत होती. मला रडू आवरेना. मी म्हणाले, "आत्या, पुरे झालं. मी सगळ्यांना सांगते. ती साडी, ती बाई, तू का उठलीस, सगळं सांगते. दादा तुझ्या पाया पडेल."

तिने हातातला पाला खाली ठेवला. "आन् मग?" ती म्हणाली. "आजच्या मांडवात पंचक्रोशीतली मान्सं येनार. कोन बाई, कुठली बाई, कुनाची सून, इचारत सुटतील. सांजच्याला नाव निघंल तिचं." मग पदराने माझंच नाक पुसत म्हणाली, "सांगायचंच हुतं तर मी उठले कशाला? जा. अक्षता पडायच्या आत पोच."

मी पोचले. मंगलाष्टकं चालू होती, मोरपंखी शालूत आमची मुलगी सारखी दाराकडे बघत होती. विहीणबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "तुमच्या आत्या आल्या न्हाईत ते एक बरं झालं बघा."

मी त्यांच्याकडे बघितलं, मुठीतल्या अक्षता घट्ट धरल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गप्प बसले.