पट्टे असेपर्यंत

लेथवर लोखंड कातण्यात निम्मे आयुष्य घालवलेल्या सयाजीने १९९४ साली बंगळुरूच्या शिवाजीनगरातला कारखाना सोडला आणि बन्नेरघट्टाच्या रानाला लागून असलेल्या वडिलोपार्जित जमिनीत रासायनिक औषधांवाचून शेती आरंभली. लव्हाळा काही केल्या हटेना, तेव्हा त्याने डुकरे आणली. ती लव्हाळ्याच्या गाठी उकरून खात आणि वर खतही देत. शेत निवळले, घर मात्र बाटले, असे थोरल्या बहिणीने, सकवारबाईने ठरवले. आईवडिलांमागे त्याला वाढवणारी ही अक्का मळ्यावर आली तरी बांधावरच उभी राही, पाण्याला शिवत नसे.

सयाजीला याचा उलगडा होईना. याच घराण्यात रानडुकराच्या शिकारीचा केवढा अभिमान! कोणत्या पूर्वजाने कोणत्या रानात ते जनावर लोळवले, हे प्रत्येक काका वेगळे सांगे. त्याचे मांस पंक्तीत वाढले गेले, एवढ्यावर मात्र सर्वांचे एकमत होते.

पुढे एकदा रानाकडचे कुंपण मोडले, आणि काही महिन्यांनी काळी मादी व्याली. पिल्लांच्या तांबूस अंगावर पिवळसर पट्टे होते. बाप रानातला, यात शंका नव्हती. सकवारबाईने बांधावरून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“ही डुकरं नव्हेत. शिकार आहे ही,” ती म्हणाली, आणि सरळ ओसरीवर येऊन तांब्याभर पाणी प्याली.

सयाजी हरखला, मग गोंधळला. शिकार म्हणावी, तर ती त्याच्या हातचा रागीचा कोंडा खात होती. डुकरे म्हणावीत, तर अक्का पुन्हा बांधावर. शेजारच्या विश्वेश्वरने आणखी भर घातली: रानातली असतील, तर ती पाळण्याचा तुला हक्कच नाही.

पिल्ले वाढली तसे पट्टे विरत गेले. सयाजीने अक्काला येऊ नको म्हणून निरोप धाडला, पण कारण त्याला सांगता येईना. ती आलीच, भर उन्हात.

“पट्टे कुठं गेले रे?”

“वाढत्या अंगाबरोबर जातात, अक्का.”

“मग त्या दिवशी मी पाणी प्याले, ते कुणाच्या घरचं? शिकाऱ्याच्या, की डुकरं पाळणाऱ्याच्या?”

सयाजीला खरोखरच ठाऊक नव्हते. सकवारबाईने पदराने कपाळ टिपले आणि ती ओसरीच्या पायरीवर टेकली.

“सरी,” ती कानडीत ‘बरं’ म्हणाली, “स्वल्प पाणी आण. उत्तर सापडलं की सांग.”

तांब्या काठोकाठ भरला, सांडू लागला, तरी सयाजी विचारच करीत होता.