सनव्हायजरवरचा स्टिकर

...पट्टा शेवटपर्यंत ओढला, गुडघ्याने सीट दाबली, पुन्हा ओढला. आता हलत नव्हती. बाहेर उभ्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, लेकरं बसवताय का कांद्याच्या गोण्या बांधताय?"

मोशीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. गेल्या शुक्रवारची दुपार, फर्स्ट शिफ्ट करून नुकताच आलो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या जुळ्या मुलींना हॉस्पिटलमधून सुट्टी मिळणार होती... सव्वीस दिवस काचेच्या पेटीत काढल्यावर.

त्यांच्यासाठी दोन सीट आणल्या होत्या. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहतं, अशा. मुली अजून मान धरत नाहीत. जोरात ब्रेक लागला तर डोकं आणि पाठ सीटला टेकलेली राहावी, म्हणून.

सासूबाईंना ते पटत नव्हतं. त्या चाकणजवळच्या एका गावच्या. "माझी चार लेकरं मांडीवर आली, एस्टीनं. एकाचीबी मान मोडली न्हाई."

अडचण वेगळीच होती. दोन्ही सीट मागे लावल्या की मधे वीतभर जागा उरायची. बायकोचे, म्हणजे मेघाचे, टाके अजून दुखतात, तिला तिथे बसणं शक्य नव्हतं. आणि तिचं एकच म्हणणं होतं, मी मुलींच्या शेजारी बसणार.

नितीन मदतीला आला होता. आम्ही दोघं चाकणला एकाच कंपनीत, लाइनच्या शेवटी उभे असतो. तयार गाडी तपासायची आणि पास करायची, हे आमचं काम. तो म्हणाला, "एक पुढं लाव की भावा. एक लेक आईपाशी, एक बापापाशी. भांडणच मिटलं."

मला ते फार आवडलं. एक मुलगी माझ्या शेजारी, हात लांब केला की लागेल इतकी जवळ... मी एक सीट पुढे आणून लावली. नितीनने हलवून पाहिली. "ओके," म्हणाला. लाइनवर म्हणतो तसंच.

ऊन समोरून येत होतं. मी त्या बाजूचा सनव्हायजर खाली केला.

त्यावर स्टिकर होता. चित्रात अशीच एक सीट, तिच्यात बाळ, समोरून फुगून येणारी एअरबॅग. आणि त्या सगळ्यावर लाल काट.

नऊ वर्षं मी हा स्टिकर तपासतो आहे. चेकशीटवर त्याचे तीन रकाने आहेत. स्टिकर आहे. सरळ आहे. खाली हवेचा बुडबुडा नाही. तीन टिक, की पुढची गाडी. त्यावर चित्र कशाचं आहे, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

नितीननेही नव्हतं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. "आईशप्पथ..." एवढंच म्हणाला.

एअरबॅग काय करते, ते मला माहीत आहे. पापणी लवायच्या आत उघडते. सीटची पाठ डॅशबोर्डपासून वीतभरावर होती, आणि सीटमध्ये उद्या दोन किलोचं पोर असणार होतं.

मी गाडीतच बसून राहिलो.

मेघाचे पाय आठवले. सातव्या महिन्यात सुजले होते. चपलेचा पट्टा रुतायचा, त्याचा वळ तासन्‌तास तसाच राहायचा. मी रोज ते पाय चेपत होतो. सूज आहे. गरोदरपणात असते. टिक.

तिचं बीपी किती चढलंय हे कळलं, तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या दारात कुणीतरी कागद पुढे करत होतं. मी सही केली. तीही न वाचता. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं...

"उठ राव," नितीन म्हणाला. "काढू या."

दोन्ही सीट मागे गेल्या. या वेळी मी पुस्तिकेतली एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि तो तसं करत गेला. तासभर लागला.

मग मेघाला फोन केला. दूध पाजायचं म्हणून ती हॉस्पिटलमध्येच राहत होती. स्टिकरचं सांगितलं.

"म्हणजे मी पुढे," ती म्हणाली. "सव्वीस दिवस काचेतून बघितलं. आता गाडीत पाठ करून बसू?"

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि मधल्या वीतभर जागेत शिरल्या. वाळकी बाई... बसल्या खऱ्या. दोन्ही रिकाम्या सीटवर एकेक हात ठेवला.

"मेघे, मी मावतीय गं. तू पुढं बस. रडल्या तर सांगते तुला."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो मधला पट्टा द्या हिकडं. मला बी बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने सुट्टीचा कागद पुढे केला. सही करण्याआधी मी तो पूर्ण वाचला. त्यात एकाच बाळाची सुट्टी होती. धाकटीचा श्वास पहाटे दोनदा थांबला होता. डॉक्टर तेच सांगायला येत होते. मेघा धाकटीपाशी थांबली. अकरा वाजता आम्ही थोरलीला घेऊन निघालो. मेघाने काढून दिलेलं दूध पिशवीत होतं. पुढची सीट रिकामी होती. तरी सासूबाई मागे, मधेच बसल्या. एक हात थोरलीवर, एक रिकाम्या सीटवर.