पाणबुडीत, मामांच्या डाव्या बाजूला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या मामांना साऱ्या गावासमोर खोटारडं मी ठरवलं. त्यासाठी मला फार काही करावं लागलं नाही. त्यांच्या उजव्या बाजूनं निघून डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, एवढंच.

मामा नेव्हीत होते. उमरखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून नेव्हीत गेलेला तो एकच माणूस, आणि तोही पाणबुडीवर. एकाहत्तरच्या लढाईत ते पाण्याखाली होते. आंघोळ नाही, सूर्य नाही, एक उठला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा झोपायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. समुद्र न पाहिलेल्या गावाला ते खरंही वाटायचं आणि जरा जास्तही वाटायचं. पण जयंतीच्या सकाळी विहारासमोर पंचशील ध्वजाची दोरी मामांच्याच हातात असायची. पांढरा शर्ट, पांढरी पँट, छाती पुढे. तो मान त्यांना कुणी दिला नव्हता. गाव नेव्हीवाल्याला दोरी देत गेलं आणि तशी रीतच पडली.

वडील गेल्यावर मी मामांकडेच वाढलो. त्या घरात मामी सोडून एकच माणूस असा होता ज्याला मामांची गोष्ट ठाऊक होती, तो मी. मामांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. इंजिनच्या खोलीत वर्षं काढली, त्यात तो कान गेला. मामीनं मला एकदाच बजावलं होतं की त्यांच्या डाव्या अंगानं बोलत जाऊ नको, आणि हे बाहेर कुठं बोललास तर घरात पाय ठेवू नको. बैठकीत मामा नेहमी डावा खांदा भिंतीला लावून कोपऱ्यात बसत. लोक त्याला माज समजायचे. आणि डावीकडून कुणी काही बोललंच, तर ऐकू न आलेल्या त्या प्रश्नाला मामांचं एक ठरलेलं उत्तर होतं. मान हलवून म्हणायचे, "बरोबर." दहातल्या नऊ वेळा ते चालून जायचं.

लपवायचं कारण सरळ होतं. गावात पंचात बसणाऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कुणी विचारत नाही. आणि मामांना विचारलेलं आवडायचं.

मामा कडक होते असं लोक म्हणतात. मी त्यांना क्रूर म्हणेन. माणूस मोजायचं त्यांचं एकच माप होतं, दम. मी नेव्हीच्या भरतीला गेलो होतो. धावताना पोटात कळ आली आणि मैदानातच खाली बसलो. पुढे मुलीकडचे बघायला आले तेव्हा चहाचे कप हातात असताना मामा म्हणाले, "पोरगं चांगलं हाये. पण दम नाई. भरतीत बसून गेलं ते." पाहुणे हसले. लग्न झालं, पण ते वाक्य आंदणासारखं घरात आलं. बायकोशी भांडण झालं की अजूनही ते भांडीकुंडी बाहेर काढावीत तसं बाहेर निघतं.

मामी गेली. त्यानंतर दोनेक वर्षांनी गावातल्या बौद्ध मंडळींनी आंध्रातले जुने स्तूप बघायची सहल काढली. एक बस भरली. अमरावतीचा स्तूप झाला की पुढे समुद्रकाठच्या शहरात एक पाणबुडी रेतीवर ओढून ठेवली आहे, ती बघायची असं ठरलं. ते ठरवलं मी. सहलीच्या बैठकीत विषय काढला तोही मीच. मामांना पाणबुडीत नेऊन त्यांचीच बोट त्यांच्या तोंडून ऐकू, असं मी म्हणालो तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी डावा खांदा भिंतीला लावूनच माझ्याकडे पाहिलं. ते खूश झाले होते. त्या वेळी माझ्या मनात नेमकं काय होतं हे मला आज प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. चांगलं काही नव्हतं, एवढं सांगता येतं.

बस सुटली तेव्हा मामांनी मला हाक मारून जवळच्या सीटवर बसवलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "आता तुही मामी नाई. तू माह्या उजव्या बाजूनं राह्यजो." आयुष्यात त्या कानाबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

पाणबुडी लांबून फार मोठी वाटली नाही. बायका म्हणाल्या, एवढीशी? आत गेल्यावर मात्र सगळे अंग चोरून चालू लागले. एका माणसाला कसाबसा पुरेल असा बोळ, डोक्यावर नळ्या, दोन्हीकडे चाकं आणि कळा, डिझेलचा आणि रंगाचा वास. कपड्यांच्या फळीएवढ्या जागेत अंथरुणं. कुठे कुठे गणवेश घातलेले पुतळे उभे केलेले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला गोल दार, त्यात आधी पाय घालावा की डोकं हेच लोकांना कळेना. ठणाठण डोकी आपटत होती, हशा चालला होता. मामा सगळ्यांच्या पुढे होते. वरची नळी धरून ते आधी पाय, मग अंग, असे एका झटक्यात पलीकडे जात. ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

इंजिनच्या खोलीत ते थांबले. इंजिनावर तळहात ठेवून उभे राहिले, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. मागून लोक म्हणू लागले, मामा, सांगा न काही. मामांच्या तोंडून शब्द फुटला नाही. इतकी वर्षं ज्या खोलीची गोष्ट त्यांनी सांगितली, त्या खोलीत ते मुके झाले. मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, कायचं सांगते बुवा, कधी पाह्यली असन तं सांगन. मला ते ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की पुढचं आपोआप सुचलं.

शेवटची खोली टॉरपिडोची. तिथे थोडी जागा होती, माणसं दाटीनं उभी राहिली. पाणबुडी दाखवणारा माणूस स्वतः निवृत्त नौसैनिक होता. त्यानं हिंदीत टॉरपिडो कसा सोडतात ते सांगितलं आणि तो दाराशी गर्दी हलवायला गेला. मामा टॉरपिडो सोडायच्या नळकांड्यांच्या झाकणांकडे बघत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूनं निघालो आणि मागून वळसा घेऊन डावीकडे आलो. मामांना माझे ओठ दिसू नयेत म्हणून तोंड लोकांकडे केलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात विचारलं, "मामा, हा भटारखाना होता न तुमचा?"

डावीकडे कुणीतरी आपल्याशी बोललं एवढं त्यांना जाणवलं असावं. त्यांनी झाकणावरची नजर काढली नाही. मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर."

क्षणभर कुणाला विश्वास बसला नाही. मग असा हशा उठला की त्या लोखंडी पोटात तो कितीतरी वेळ घुमत राहिला. मामांनी वळून लोकांकडे पाहिलं आणि सगळे हसतायत म्हणून तेही थोडं हसले.

बाहेर पडताना मी शेवटी होतो. त्या निवृत्त नौसैनिकानं माझा दंड धरला आणि हिंदीतच म्हणाला, "तुमच्या मामांचा डावा कान गेलाय ना? इंजिनवाला आहे तो. माझाही गेलाय." मग दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्या लोकांना सांगा." मी हो म्हणालो.

खाली रेतीवर मामांनी मला विचारलं, काहून हासून राह्यले होते सारे? मी म्हणालो, काही नाही मामा, असंच.

परतीच्या वाटेवर ढाब्यावर जेवायला थांबलो तेव्हा एकानं तव्याकडे बोट दाखवून विचारलं, मामा, टॉरपिडोच्या खोलीले तुमी भटारखाना म्हनले, मंग ह्यानं किती जहाजं बुडवली? या वेळी तो उजवीकडून बोलला होता. मामांना ऐकू गेलं. घास हातात राहिला. सगळं त्यांना तिथे कळलं. एका वाक्यात सुटका होती. मला ऐकू आलं नव्हतं, एवढं म्हणायचं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा खोटारडा म्हणवून घेणं त्यांनी पत्करलं. ते असंच करणार हे मला पाणबुडीतच माहीत होतं. नाहीतर मी तो प्रश्न विचारलाच नसता.

गावात त्यांचं नाव भटारी मामा पडलं. जयंती आली तेव्हा मंडळातल्या पोरांनी ध्वजाला दुसऱ्या एकाला बोलावलं, सीमेवर राहून आलेल्या एका निवृत्त जवानाला. मामांना कुणी सांगितलं नाही. ते पांढऱ्या कपड्यांत आले आणि सवयीनं खांबाजवळ उभे राहिले. डावीकडून कुणीतरी म्हणालं, मामा, सरका जरा. ते हलले नाहीत. मग त्यानं कोपरानं त्यांना बाजूला केलं. ध्वज चढला, वंदना झाली. मामा जिथे सरकवले तिथेच सावधानमध्ये उभे होते. मी चार माणसांपलीकडे होतो. त्यानंतर ते विहारात आले नाहीत.

शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याकडे जायचो. खाट त्यांनी अशी लावून घेतली होती की डावी बाजू भिंतीला. एका दुपारी मी पाणी पाजून ग्लास ठेवत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या खोलीत तू कोन्या बाजूले होता रे?"

मी म्हणालो, "उजव्या, मामा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर."

मी त्यांच्या उजव्या कानाशी बसलो होतो. त्यांना नीट ऐकू गेलं होतं.

मामांना जाऊन आता बरेच दिवस झाले. बायको परवाच म्हणाली, तुमच्या मामाच्या गोष्टी तं साऱ्या फेकाफेकच निघाल्या. मी गप्प बसलो. हे लिहून झालं म्हणजे काही झालं असं मी धरत नाही, कारण आमच्या गावात हे कुणी वाचणार नाही. जयंतीच्या सकाळी विहारासमोर, तोच खांब आणि तीच माणसं असताना, मला मोठ्यानं सांगायचं आहे की मामा पाणबुडीवर होते, त्यांचा डावा कान तिथे गेला, आणि त्या दिवशी मी डाव्या बाजूला होतो. हे देणं माझ्याकडे बाकी आहे. मागच्या जयंतीलाही मी ते दिलं नाही.