ओळखीचा माणूस

माझे यजमान मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या नगरपालिकेत बरीच वर्षं पार्षद, म्हणजे नगरसेवक, होते. वॉर्डातली नाली त्यांच्या काळातही तुंबायची आणि आजही तुंबते, तेव्हा ते नालीच्या कामावर निवडून येत नव्हते हे उघड आहे. ते निवडून यायचे नागपूरच्या ओळखीवर.

म्हणजे असं, की वॉर्डात कोणाच्या छातीत दुखलं किंवा कोणाच्या लेकराचा ताप उतरेनासा झाला की माणसं पहाटेच आमच्या अंगणात येऊन बसायची. हे तोंड धुऊन बाहेर यायचे आणि पेशंटसमोर उकिडवे बसायचे. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "लय दुखून राह्यलं काय?" तेवढ्यानेच अर्धं दुखणं उतरायचं. मग पहिल्या बसने त्याला घेऊन नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथला एक्स-रेवाला यांना ओळखायचा, लिफ्टवाला ओळखायचा, मोठी सिस्टर ओळखायची. ही ओळख ताजी राहावी म्हणून दर खेपेला आमच्याच झाडांच्या संत्र्यांची एक थैली सोबत असे. पोळ्यांचा आणि ठेच्याचा डबा मी बांधून द्यायची. दवाखान्याच्या कागदांवर सही करायला नातेवाईक घाबरायचे, म्हणून तीही बहुतेक वेळा हेच पार्षद म्हणून करायचे.

पेशंट बरा होऊन आला की त्या घरची सगळी मतं आमची. बरा नाही झाला तरी आमचीच, कारण मयत घेऊन येणारेही हेच असायचे. यात लबाडी नव्हती, हे मी बायको असून सांगते. यांना माणसांचं खरंच वाटायचं, आणि माणसांना आपण लागतो याचंही फार वाटायचं.

माझं पोट उजव्या बाजूला दुखायला लागलं त्याला किती दिवस झाले ते सांगता येणार नाही. तळलेलं खाल्लं की कळा सुरू. सौंसरातच सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. हे म्हणाले, "नेतो ना. मंगळवारी त्या बुढ्याले नेऊन देतो, मंग तुह्यं पाहू." बुढ्यानंतर कोणाची तरी पोरगी निघाली, पोरीनंतर पार्टीची मीटिंग, मीटिंगनंतर संत्र्यांचा तोडा. अख्ख्या वॉर्डाला नागपूर दाखवणाऱ्याच्या बायकोने नागपूर पाहिलं ते पुतणीच्या लग्नाच्या खरेदीला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरी बारमाही होता.

मग आयुष्मान कार्ड आलं. ज्याचं नाव यादीत त्याच्या दवाखान्याचा खर्च सरकार भरणार, आणि आपण मध्य प्रदेशातले असलो तरी नागपूरच्या खाजगी दवाखान्यातसुद्धा ते चालणार. यांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला, "कागद हाय थो. येनवक्ती मानूसच कामी येते." सुरुवातीला ते अगदीच खोटं नव्हतं. कार्ड घेऊन गेलेले दोघंतिघं, हा आजार यात बसत नाही असं ऐकून परत आले होते, आणि शेवटी यांनीच त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तेव्हा हे खुशीत होते.

पण हळूहळू कार्ड चालायला लागलं. खाजगी दवाखान्यांच्या गाड्या लोधीखेड्यापर्यंत, सौंसरपर्यंत येऊन पेशंट घेऊन जाऊ लागल्या. बसस्टँडवर मोफत तपासणीचे बॅनर लागले. जीपवाल्यांना पेशंटमागे काहीतरी मिळतं अशी कुजबुजही होती; खरंखोटं देव जाणे. एकदा संत्र्यांचा एक व्यापारी आमच्याकडे चहा पिता पिता कुरकुरला, "भाऊ, आता कोनी फुलावर बगीचा देऊन नाही राह्यलं." पूर्वी घरात मोठं आजारपण निघालं की लोक झाडाला नुसतं फूल असतानाच पुढचं सगळं पीक पडेल भावाने व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. आता फळ मोठं होईपर्यंत थांबू लागले होते. मला ऐकून बरं वाटलं. यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. पहाटे तोंड धुऊन हे तसेच अंगणात येऊन बसायचे, पण समोर कोणी नसायचं.

निवडणूक जवळ आली. समोरचा उमेदवार आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा. त्याने ना भाषण केलं, ना कोणाला शिव्या दिल्या. शाळेच्या व्हरांड्यात लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन मांडून कार्ड काढायचा कॅम्प लावला. यांनी वॉर्डात निरोप फिरवला, कार्डाच्या नादी लागू नका, मी आहे.

सरकारने यादी केली तेव्हा आमचं घर मातीचं होतं, म्हणून आमचंही नाव तीत होतं. आदल्या दिवशी मला अशी कळ आली होती की मी चुलीपुढेच आडवी झाले. सकाळी आधार कार्ड घेतलं आणि त्या पोराच्या रांगेत जाऊन उभी राहिले. डोक्यावरून पदर घेतला होता, पण वॉर्डात मला पाठमोरी ओळखत नाही असं कोण आहे?

"काकू, तुमीबी?" पुढच्या बाईने विचारलं.

"माह्या पोटाले थोडीच समजते, मी कोनाची बायको हाय थे," मी म्हटलं. बाया हसल्या. तो पोरगा मात्र हसला नाही. पुढे आला, माझ्या पाया पडला आणि बसायला खुर्ची दिली. हा निवडून येणार, हे मला तेव्हाच कळलं.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. हे म्हणाले, "तू मले साऱ्या वार्डात नागवं केलं."

"तुमी मले नागपूरले कधी नेलं?" मी विचारलं.

हे चपला घालून बाहेर निघून गेले. त्यानंतर माझ्याशी फारसे बोलले नाहीत. निवडणूक थोडक्यात हरले. पार्षदाची बायकोच कार्ड काढते म्हटल्यावर आपण कशाला थांबायचं, असं लोकांनी धरलं, असं यांच्या जवळची माणसं सांगत फिरली. मी मत यांनाच दिलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रांगेत उभी राहिल्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. पण पहाटे रिकाम्या अंगणात बसलेली ती पाठ दिसली की माझं काळीज तुटायचं.

कार्डावर नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. मी भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "उद्या जातो मी. सोबत मानूस पाह्यजे म्हनतात. बहिनीले बोलावतो." सकाळी बाहेर येऊन बघते तर हे धुतलेला कुर्ता घालून बसलेले, पायाशी संत्र्यांची थैली.

दवाखान्याच्या दारात वॉचमनने थैली ठेवून घेतली. बाहेरचं आत न्यायचं नाही म्हणाला. काउंटरवरच्या पोरीला हे आपली ओळख सांगू लागले, मोठ्या दवाखान्यातले अमुक साहेब, तमुक सिस्टर. "काकाजी, कार्ड द्या ना," ती म्हणाली. मी कार्ड दिलं, मशीनवर अंगठा ठेवला, आणि यांची नावं संपायच्या आत माझं काम झालं. मला आत खाट मिळाली, हे समोरच्या बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने त्याच पोरीने ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणला. यांनी चष्मा लावला आणि झरझर भरून, सही करून परत दिला. असे कागद भरण्यात त्यांचा हात बसलेला. पोरीने वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"काकाजी, पेशंटशी नातं लिहायचं आहे इथे. पार्षद हे काय नातं झालं? या तुमच्या कोण?"

यांनी कागद परत घेतला. मग तो शब्द खोडला आणि वर लहान अक्षरात "पती" लिहिलं. पोरगी गेली. हे उठले आणि माझ्या खाटेजवळ, जागा नसताना, उकिडवे बसले.

"लय दुखून राह्यलं काय?"

"हो," मी म्हटलं. "लय दिवसांपासून."