जिथे लंगर टाकायचा नाही

तुर्कस्तानला जायचं ठरलं ते माझ्या हट्टामुळे, आणि आई बरोबर आली ती माझ्याच हट्टामुळे. भंडाऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे. हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून आई माझ्याकडे असते. दिवसभर दुकानामागच्या खोलीत बसून राहायची, विचारलं तरच बोलायची. शेवटी नवरा म्हणाला, "तू तिले घेऊन जा कुठंतरी लांब. दुकान मी पाहतो." लांब म्हणजे त्याच्या डोक्यात पचमढी असणार. माझ्या डोक्यात मात्र कितीतरी वर्षांपासून भूमध्य समुद्रावरचं काश नावाचं छोटं बंदर होतं. त्याला ते सांगितलं तेव्हा तो बराच वेळ नुसता गोळ्यांची पाकिटं लावत राहिला.

आईने एकच विचारलं. "तेथी पानी असन का?"

"समुद्र आहे आई. दोन दिवस बोटीवरच राहायचंय."

"मंग तूच जा."

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. मी तेव्हा नागपूरला शिकत होते. बाबांनी घराची सागवानी चौकट, छपराचे कवेलू, अगदी बैलांचे खुंटेसुद्धा उपटून पुनर्वसनाच्या गावी नेले. गावदेवी मातामाय वाजतगाजत नेली. त्या दिवसापासून आई पाण्याकडे बघत नाही. साकोलीला मावशीकडे जाताना नदीवरचा कारध्याचा पूल आला, की ती पदर डोळ्यांवर ओढते. आणि माशांवर वाढलेल्या या बाईने मासे सोडले. गाव गेल्याचं दुःख, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गाव तर सगळ्यांचंच गेलं होतं आणि बाकीच्या बायका मिटक्या मारत मासे खात होत्या. मग हिचंच असं काय, ते बाबा असेपर्यंत कुणी विचारलं नाही. या प्रवासात मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकी समुद्र वगैरे वरकड.

तर, जाणाऱ्यांसाठी. विसाचं काम प्रवासाच्या निदान दोन महिने आधी हातात घ्या, नागपूरहून कागद पाठवणाऱ्यांनी तर आणखी आधी. नागपूर, मुंबई, इस्तंबूल, अंताल्या असं उडत गेलो आणि अंताल्याहून काशपर्यंत बस धरली. रस्ता समुद्राला चिकटून जातो, वळणांवर वळणं. पोट नाजूक असेल तर डोंगराच्या बाजूची खिडकी मागा. आईने ती न मागता घेतली. चार तास तिने फक्त खडक पाहिले.

काश सुंदर आहे, हे मी नाकारणार नाही. पांढरी घरं, भिंतींवर जांभळी बोगनवेल, बंदरात ओळीने लाकडी बोटी. गावाच्या मधोमध, दुकानांच्या गर्दीत, एक भलंमोठं दगडी थडगं उभं आहे आणि लोक त्याच्या सावलीत आइसक्रीम खातात. मी फोटो काढले. आई थडग्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "याले हलवलं नाही कोनी?" मी म्हटलं, नाही, रस्ताच याच्या बाजूने नेलाय.

खायचं म्हणाल तर शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. मसुराचं सूप मिळतं (मटणाचं पाणी नाही ना, हे विचारून घ्या), पालक भरलेली पातळ पोळी मिळते, आणि सकाळी काकडी, टोमॅटो, जैतून म्हणजे ऑलिव्ह, चीज यांचा ढीग पुढ्यात येतो. आईने जैतून एकदा चाखून रुमालात थुंकलं आणि बॅगेतून घरचा चिवडा काढला. संध्याकाळी शेजारच्या टेबलावर निखाऱ्यावर भाजलेला मासा आला. त्या वासाने मला भूक लागली. आई उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

बोटीबद्दल एक सल्ला. अख्खी बोट घेण्याच्या फंदात पडू नका, खोली घेऊन इतर प्रवाशांबरोबर जाता येतं, ते खूपच स्वस्त पडतं. आमच्या बोटीवर आम्ही दोघी, एक म्हातारं डच जोडपं आणि कप्तान. मेहमेत त्याचं नाव. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, तुटकं इंग्रजी बोलणारा. बोटीवर चढताना तो सगळ्यांच्या चपला टोपलीत काढून घेतो. ते आईला फार आवडलं. "देवळासारखं हाये," ती म्हणाली. प्रवासातलं तिचं पहिलं बरं वाक्य. पण बसली ती मात्र पाण्याकडे पाठ करून, शिडाच्या खांबाला टेकून.

पहिला मुक्काम एका आडोशाच्या खाडीत होता. तिन्ही बाजूंनी पाइनचे डोंगर आणि पाणी इतकं नितळ की खाली टाकलेल्या लंगराची साखळी कडी न् कडी दिसत होती. मी पोहले. मे महिन्यात पाणी चांगलंच गार असतं, अंगावर काटा येतो. वर आले तेव्हा आई टॉवेल घेऊन उभी होती, नजर माझ्या चेहऱ्यावर, एक इंचही खाली नाही. मला तिचा राग आला, खरं सांगते. एवढ्या लांब आणलं आणि हिचा चेहरा कारध्याच्या पुलावरचाच. जेवताना मी तिच्याशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी केकोवा बेट. हीच जागा पाहायला जगभरातून लोक येतात. भूकंपात जुन्या शहराचा एक भाग समुद्रात गेला. बेटाच्या कडेने पायऱ्या पाण्यात उतरतात आणि उतरतच राहतात, अर्ध्या भिंती, दारांची तोंडं, पाण्याखाली फुटक्या रांजणांचे तुकडे. समोरच्या किनाऱ्यावर एक थडगं सरळ पाण्यातच उभं आहे. डच बाई "सुंदर, सुंदर" करत होत्या. मी पाहत होते ती गाव पाण्यात गेलेल्या माणसासारखी. आमच्याही गावाला घाट होता. त्याच्याही पायऱ्या अशाच उतरत असतील.

मेहमेतने इंजिन अगदी मंद केलं. डच आजोबांनी विचारलं, जरा थांबूया का, लंगर टाकून? मेहमेतने जोरात मान हलवली. नाही, इथे लंगर टाकायचा नाही, पोहायचंही नाही.

आईने मान वळवली. "काय म्हंते तो?"

मी सांगितलं.

"काहून नाही टाकत? इचार त्याले."

मी विचारलं. तो म्हणाला, खाली घरं आहेत, माणसं पुरलेली आहेत, लंगर पडला तर फुटेल सगळं.

"त्या मेलेल्याईचं कोनी राहिलं हाये का आता?"

मेहमेतने खांदे उडवले. कुणी नाही. हजारो वर्षं झाली. नावंसुद्धा माहीत नाहीत.

मी हे आईला सांगितलं आणि ती उठली. कठडा दोन्ही हातांनी धरून तिने खाली पाहिलं. इतक्या वर्षांनी माझी आई पाण्याकडे पाहत होती. बोट सरकत होती तशी तिची मान सरकत होती. मग ती तिथेच खाली बसली आणि बोलायला लागली, पाण्यावरची नजर न काढता.

"तुझ्या आधी एक झाला होता. महिनाभर राहिला."

हे मला ओझरतं माहीत होतं. घरात कुणी काढत नसे.

"लहान लेकराले जाळत नाहीत, गाडतात. आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर मोहाचं झाड होतं ना, त्याच्यापाशी तुझ्या बापानं गाडला. कोल्ह्यानं उकरू नये म्हनून दगड ठेवले, वर काटे टाकले. वावरात जाता-येता मले दिसे. गाव उठलं तवा देव नेले लोकाईनं, चौकटी नेल्या, खुंटे नेले. मी म्हटलं, त्याची मूठभर माती तरी घेऊ. तुझा बाप म्हने, लहान लेकराची निशानी ठेवत नसते. सोडून दे." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग पानी आलं. लोक त्या पान्यातले मासे आनून राहिले. मी कशी खाऊ व?"

मी तिचा हात धरला. केकोवाचे फोटो माझ्याकडे नाहीत, ज्यांना हवेत त्यांनी दुसरीकडे पाहावेत.

परतीचं लिहिण्यासारखं काही नाही. विमानं, रांगा, नागपूरचं ऊन. घरी येऊन बॅगा उघडायच्या आत आई म्हणाली, "पानी उतरलं असन आता. मले ने."

नेलं. पवनीच्या अलीकडे धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पाण्यात उभी मेलेली झाडं दिसतात. मासे मारणाऱ्या एका ढीवर भाऊंनी आम्हाला आपल्या लाकडी डोंग्यात घेतलं. आई पुढे बसली, या खेपेला तोंड पाण्याकडे करून. तिला मोह शोधायचा होता. पण पाण्यातून वर आलेले बुंधे सगळे सारखेच काळे, ना साल, ना फांदी. ती एकेकाकडे बोट करायची आणि खाली घ्यायची.

"भाऊ, मोहाचं कोनतं?"

"आता काय सांगू माय. समदे एकसारखेच झाले."

उन्हं चढली. बराच वेळ फिरलो. पाणी गढूळ, हातभर खालचंही दिसत नव्हतं. शेवटी भाऊ दमले. म्हणाले, जरा थांबू इथे, दम घेऊ, आणि डोंगा थांबवायला दोरीला बांधलेला दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

"टाकू नको, बापू," आई म्हणाली. "खाली माह्यं लेकरू हाये."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दगड त्यांनी हळूच डोंग्याच्या तळाशी ठेवला आणि पुन्हा वल्हं घेतलं. काठाला लागेपर्यंत ते कुठेच थांबले नाहीत.