रविवारची मंडई

शनिवारी नगरपालिकेला सुट्टी असते, तरी मी जायचे. ऑफिसच्या मागच्या खोलीत राहणारा म्हातारा शिपाई कुरकुरत कुलूप काढायचा आणि “मैडम जी, आज तो छुट्टी है” असं न चुकता ऐकवायचा. मी काम तुंबल्याचं सोंग करायचे. रविवारी मात्र तो त्याच्या गावी जायचा आणि ऑफिस बंद राहायचं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी त्याला “चलो जी, सोमवार को” म्हटलं, की सोमवार सकाळपर्यंत माझं तोंड बंद. सोमवारचा पहिला शब्द घशातून असा खरखरत निघायचा, की त्याला वाटायचं मला कायमची सर्दी आहे. “मैडम जी, फिर गला खराब?” असं विचारून तो चहात आलं घालून आणायचा. खरं कारण मी त्याला कधी सांगितलं नाही. साठी उलटलेल्या बाईने कसं सांगायचं, की काल दिवसभर माझ्याशी कोणी बोललंच नाही?

पानिपतच्या अलीकडचं हे गाव. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लाज वाटेल असं. माझा जन्म पुण्याचा, पण लग्नानंतरचं आयुष्य दिल्लीत गेलं, बहुतेक सगळं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. यजमान केंद्र सरकारात होते, मी शहर नियोजनाच्या एका ऑफिसात. ते निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि वर्षभरात तेही गेले. मुलगी गुडगावला, आयटीत. “आई, इथे ये ना, बिल्कुल प्रॉब्लेम नाही,” असं ती दोनदा म्हणाली होती. पण ‘प्रॉब्लेम नाही’ हे दोनदा म्हणावं लागतं तिथे तो असतो, एवढं मला कळतं. मी इथे करारावर नोकरी धरली. नगरपालिकेचं अंदाजपत्रक बसवायचं, योजनांचे प्रस्ताव लिहायचे, असं काम. पहिल्याच दिवशी प्रधानजी, म्हणजे नगरपालिकेचे अध्यक्ष, हसत म्हणाले, “आप मराठे लोग तो यहाँ लड़ने आए थे, आप हिसाब करने आई हैं!” पुढे नवीन माणूस भेटला की ते हाच विनोद करत. जानेवारीत काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, महाराष्ट्रातून माणसं येतात, तेव्हा मी वेळ काढून तिथे जाते. स्मारक आता मला पाठ झालंय. मी जाते ती मागे उभी राहून मराठी ऐकायला.

शेतकऱ्यांच्या बाजाराची कल्पना माझी. आसपासचे शेतकरी मुळा, गाजर, पालक पिकवतात, तो माल दिल्लीला जातो आणि गावातल्या बायका तीच भाजी फिरून आलेली, शिळी, गाडीवरून घेतात. जुन्या बसस्टँडचं मैदान पालिकेचंच, रिकामं पडलेलं. तिथे शेतकऱ्यांनी थेट विकावं. दिवस रविवार, कारण नोकरदार घरी असतात. प्रस्तावात मी हे सगळं लिहिलं आणि ते खरंच होतं. जे लिहिलं नाही तेही सांगून टाकते. मला रविवारी जायला एक जागा हवी होती. पुण्याच्या मंडईत मला कोणीतरी रागवायचं. “अहो ताई, दोडका असा दाबू नका, तो काय लिंबू आहे?” असं एक भाजीवाली मला दर वेळी ऐकवायची आणि मी दर वेळी दाबायचे. आयुष्यात आपल्यावर खेकसणारं माणूस लागतं. ते नसलं की काय होतं, हे मला इथल्या रविवारांनी शिकवलं.

प्रस्ताव सभेत आला आणि कात्र्या निघाल्या. अनुदान अर्धंच आलं होतं, घरपट्टी वसूल करायला निवडणुकीच्या आधी कोणी धजत नव्हतं, आणि पगार तर द्यायलाच हवे होते. सगळ्यात आधी बायकांसाठीची स्वच्छतागृहं गेली. मी तडकून विचारलं, “औरतें सुबह से बैठेंगी, जाएँगी कहाँ?” प्रधानजी शांतपणे म्हणाले, “मैडम जी, अगले साल.” मग छप्पर गेलं. “धूप में भी तो सब्ज़ी बिकती है,” एका नगरसेवकाने तोडगा काढला. मग दिवे, मग पाण्याची टाकी. शेवटी सिमेंटचा एक लांब ओटा उरला आणि पाटी उरली. पाटीला कोणी हात लावला नाही, कारण तिच्यावर प्रधानजींचं नाव यायचं होतं.

“नाम क्या रखें?” त्यांनी मला विचारलं. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, “किसान मंडी.”

माझ्या डोक्यात मंडई होती. हिंदीत मंडईला मंडी म्हणतात असं मी दिल्लीत आल्यापासून धरून चालले होते, आणि सरोजिनी नगरात भाजी दारातच यायची, त्यामुळे ते तपासायची वेळ कधी आली नाही. सभेतली सगळी माणसं खूश झाली. मंडी! गावाला मंडी मिळणार! टेबलं वाजली. मला वाटलं, मला दिसतंय तेच सगळ्यांना दिसतंय. किती दिवसांनी मला त्या खोलीत परकं वाटलं नव्हतं.

उद्घाटनाच्या रविवारी झेंडूच्या माळा होत्या, फीत होती, समोसे होते. मी दोन कापडी पिशव्या घेऊन गेले होते. फीत कापली, फोटो निघाले, समोसे संपले, माणसं पांगली. आणि शेतकरी आलेच नाहीत. ओट्यावर गाडीवाल्यांनी आपली नेहमीची भाजी मांडली, एक फुगेवाला आला, बस्स. इतकी सुंदर थंडीतली सकाळ, आणि समोर तो लांबलचक रिकामा ओटा. मला रडूच येईल असं वाटलं.

मग उशिरा एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, डोक्यावर मुळ्यांचा भारा. ओट्याच्या टोकाला ती टेकली, पण भारा काही सोडेना. मी जवळ जाऊन म्हटलं, “खोलो ना, मुझे मूली चाहिए.” तिने इकडेतिकडे बघितलं. “बहनजी, पहले यो बताओ, आढ़ती कौन है?”

“कोई आढ़ती नहीं. आप बेचो, मैं लूँगी.”

“मंडी में आढ़ती ना हो, ऐसा कहीं होवै है?” असं म्हणून ती इतक्या संशयाने माझ्याकडे बघत राहिली, की जणू मीच अडत्या आहे आणि कबूल करत नाहीये. शेवटी तिने मला मुळे विकले, पण भाऱ्याला गाठ तशीच ठेवून, एकेक उपसून.

संध्याकाळी मी मुलीला फोन लावला. रविवारी ती झोप पुरी करत असते, म्हणून मी सहसा लावत नाही. त्या दिवशी राहवलं नाही. सगळं ऐकून ती हसायला लागली.

“आई, यार, तू मंडी लिहिलंस? मंडी म्हणजे आढत. कमिशन, बोली, तिकडे तर फार्मर्स आधीच फसलेले असतात. ते कशाला येतील?”

“अगं, मी मंडई म्हणून लिहिलं.”

“मंडई म्हणजे?”

दर उन्हाळ्यात पुण्याला गेलो की माझं बोट धरून ती मंडईत यायची. तिथल्या कैऱ्यांच्या ढिगापाशी एकदा हरवली होती आणि भाजीवालीने तिला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. हे तिला आठवत होतं, ओटाही आठवत होता. शब्द तेवढा गेला होता.

“ती जागा गं,” मी म्हटलं.

“अच्छा, ते भाजी मार्केट? मग तसंच म्हण ना.” मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. “तू ठीक आहेस ना?”

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मला तिचा नाही, माझाच राग आला. घरात मराठी बोलले म्हणजे झालं, असं मी समजत होते. शब्द घरात राहत नाहीत, त्यांना जागा लागते. मंडई नसलेल्या शहरात मुलगी वाढवायची आणि मंडई हा शब्द तिच्यापाशी राहील अशी आशा धरायची, हा माझा शहाणपणा. आणि आता तर मी तो शब्द अशा गावात घेऊन आले होते, जिथे त्याचा अर्थ ‘येऊ नका’ असा होत होता.

नव्या पाटीला पैसे नव्हते. पेंटरने ‘मंडी’वर पांढरा हात मारला आणि इकडे आठवडी बाजाराला वारावरून म्हणतात तसं लिहिलं, ‘किसान इतवार बाज़ार’. नाव मी मुळेवालीलाच विचारून ठरवलं होतं. “इतवार बाज़ार में तो कोई भी आ जावै,” ती म्हणाली होती.

आणि खरंच यायला लागले. पुढच्या रविवारी तिच्या गावच्या तिघी-चौघी आल्या, मग ट्रॅक्टर आले, मग होळीपर्यंत ओटा पुरेना. मी सकाळी उठून केस विंचरायचे, चांगली साडी नेसायचे. बाहेर पडताना कुलूप लावत रिकाम्या घराला “येते हं” म्हणायचे, कारण आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. मुळेवालीशी माझी गट्टी जमली. ती माझ्या हिंदीला हसायची, मी तिच्या तराजूला. मी मुळा हातात घेऊन वाकवून बघितला की ती ओरडायची, “बहनजी, तोड़ोगी तो लेना पड़ेगा!” मी मुद्दाम वाकवायचे. ओट्यावर तिच्या शेजारी बसून मी शेंगा सोलायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला भाव सांगायचे. घरी परत येईपर्यंत बोलून बोलून दमलेली असायचे. त्या महिन्यांत सोमवारी शिपायाने मला आल्याचा चहा दिल्याचं आठवत नाही.

फक्त एक गोष्ट मला खात होती. सकाळपासून दुपारपर्यंत बसणाऱ्या त्या बायका पाणी पीत नसत. मी मुळेवालीला बाटली पुढे केली की ती नुसते ओठ ओले करायची. “पी के जाऊँ कहाँ?” असं एकदा हसत म्हणाली. उन्हाळा तोंडावर आला होता. एका रविवारी तिला चक्कर आली, आणि मी तिला माझ्या घरी नेऊन निजवलं. माझ्या पलंगावर ती संकोचाने कडेला पडून राहिली. त्या घरात माझ्याशिवाय कोणी आडवं झालेलं मी प्रथमच बघत होते.

नव्या वर्षाचं अंदाजपत्रक मीच बसवलं. तूट होतीच. मी प्रधानजींना म्हटलं, “औरतों का शौचालय इस साल बनना ही चाहिए.” ते म्हणाले, “मैडम जी, मैं कब मना करता हूँ? आप पैसा दिखा दो.” मी शोधायला बसले. एका जागी पैसा होता. रविवारी बाजार झाडणाऱ्या सफाई कामगारांना सुट्टीच्या दिवसाचा जादा पगार द्यावा लागे. वर्षभराचा तो पगार वाचला, तर स्वच्छतागृह होत होतं. त्यासाठी बाजार तेवढा रविवारवरून कामाच्या दिवशी हलवायचा. मंगळवारी शेतकऱ्यांना सोयीचं होतं, ते मी आधीच विचारून बसले होते. मंगळवारी सकाळी पालिकेत लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस असतो, आणि दुपारपर्यंत मला खुर्ची सोडता येत नाही.

दुसरीकडे कुठे पैसा सापडतो का, म्हणून मी ते आकडे पुन्हा पुन्हा उलथेपालथे केले. दिव्यांचं बिल, गटारं, भटक्या गुरांचा गोठा. कुठेच काही नव्हतं. मला तो बाजार हवा होता, आणि रविवारीच हवा होता, हे मी स्वतःशी मोठ्याने म्हटलंसुद्धा. मग टिपण लिहिलं आणि सही केली. सभेत कोणी हरकत घेतली नाही. प्रधानजींनी तर माझं कौतुक केलं.

मुळेवालीला सांगितलं तेव्हा ती आधी खूश झाली. मग थांबून म्हणाली, “पर मंगल को तो थम दफ़्तर में होगी.”

“हाँ.”

“तो थारी मूली?”

“किसी के हाथ भिजवा देना,” मी म्हटलं.

ती खरंच पाठवते. शिपाई मंगळवारी माझ्या टेबलावर जुडी आणून ठेवतो, आणि आतला एक मुळा नेहमी वाकवून मोडलेला असतो.

परवाच्या रविवारी मी सवयीने उठले, केस विंचरले, पिशवी घेतली. कुलूप लावून “येते हं” म्हटलं आणि मैदानावर गेले. स्वच्छतागृह झालंय, दाराला निळा रंग दिलाय, आत नळाला पाणी आहे. पाटीवर पेंटरने ‘इतवार’ पुसून ‘मंगल’ लिहिलंय. मी थोडा वेळ ओट्याच्या टोकाला बसले. एक कुत्रा येऊन पलीकडे झोपला. मग ऊन चढलं आणि मी घरी आले.

सोमवारी ऑफिसच्या दारात शिपाई भेटला. मी काहीतरी बोलायला गेले, त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मैडम जी, फिर गला खराब?”