सगळ्यात चांगला वॉर्ड

मैत्रिणींनो, आज डोकं चालेनासं झालंय. तुम्हीही नर्सिंगमध्ये माझ्याइतकीच वर्षं काढलीत, म्हणून तुम्हालाच विचारते.

सांगलीच्या आमच्या दवाखान्यात आज मेट्रनबाईंनी वॉर्डांची तपासणी केली. ही नवी पद्धत मला पटली नव्हती. इतक्या वर्षांनी आमचं काम कुणी कशाला तपासायचं? तरी मी बायकांचा वॉर्ड लख्ख ठेवला होता. एकाही चादरीवर डाग नव्हता. "सिस्टर, तुमचा वॉर्ड सगळ्यात चांगला," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. खरं सांगते, फार बरं वाटलं.

त्या गेल्यावर मी पलूसच्या पारूबाईजवळ गेले. परवाच तिचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, पण ओठ सुकलेले, अंग तापलेलं आणि तांब्या भरलेला तसाच.

"पाणी का पीत नाहीस गं?"

तिनं अंगाखालची चादर सारखी केली. बांगलादेशच्या लढाईहून परतलेला तिचा नवरा भेटायला आला होता. तो म्हणाला, "आवं सिस्टर, कालधरनं पीत न्हाई. पानी पिऊन हातरुनातच झालं नि चादर खराब झाली तर तुमी वरडाल, म्हनती."

मी तांब्या तिच्या ओठांना लावला. तिनं हळूच विचारलं, "तपासणी झाली न्हवं?"

मी मान हलवली, तशी ती घटाघटा प्यायली. संध्याकाळी ताप उतरला.

तिच्यावर मी कधीच ओरडले नव्हते. चादरींच्या डागांवरून वॉर्डातल्या आयांवर ओरडायचे, ते ती ऐकत होती. पण चादरी स्वच्छ नसतील तर जखमा चिघळतात, हेही खरंच ना? मग चुकलं कुठं? हे मेट्रनबाईंना सांगू का?

तुमच्या वॉर्डात कुणी असं तहानलेलं पडून असेल, तर ते तुम्हाला कसं कळतं?